‘टॉक’ या एका शब्दावर घासून पाहिलेले शब्दकोश

इंग्रजी शब्दकोश विकत घेताना त्यात अवघड शब्द किती आहेत ते बघण्यात अर्थ नाही. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो कुठल्याही कोशात बरा दिलेला असतो. कस लागतो तो साध्या, रोजच्या क्रियापदावर. म्हणून या परीक्षणासाठी ‘टॉक’ हा एकच शब्द धरला आणि सोबत त्याची भावंडं घेतली: ‘टेल’, ‘से’ आणि ‘स्पीक’. साताऱ्यात स्पर्धा परीक्षेची किंवा बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं, शाळेतले शिक्षक आणि मुलांचा अभ्यास घेणारे पालक यांच्या हाताशी येणारे कोश तीन प्रकारचे. एक, स्टँडवरच्या स्टॉलवर मिळणारा इंग्रजी-मराठी पॉकेट कोश. दोन, ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी, छापील किंवा मोबाईलवर. तीन, शब्दांची व्युत्पत्ती सांगणारी ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी, जिला सगळे एटिमऑनलाइन म्हणतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. वापरासाठी लर्नर्स घ्या, व्युत्पत्तीसाठी एटिमऑनलाइन उघडा आणि पॉकेट कोश घ्यायचाच असेल तर खाली दिलेली चाचणी करून घ्या.

पॉकेट कोशाचं दुखणं एका ओळीचं आहे. त्यात ‘टॉक’ म्हणजे बोलणे, ‘स्पीक’ म्हणजे बोलणे, ‘से’ म्हणजे बोलणे, म्हणणे, आणि ‘टेल’ म्हणजे सांगणे, बोलणे. यातलं खोटं काहीच नाही, पण उपयोगही नाही. कारण मराठीतलं ‘बोलणे’ इंग्रजीत तीन-चार ठिकाणी फुटतं. मूल बोलायला लागलं, तिथे ‘टॉक’. त्याला इंग्रजी बोलता येतं, तिथे ‘स्पीक’. तो खरं बोलतो, तिथे ‘टेल द ट्रूथ’. खोटं बोलतो, तिथे ‘टेल अ लाय’. आणि ‘साहेब मला बोलले’ याचा अर्थ साहेबांनी झाडलं असा असेल, तर या चारपैकी एकटं कुठलंच चालत नाही, ‘टेल ऑफ’ किंवा सरळ ‘स्कोल्ड’ लागतं. पॉकेट कोश वाचून पोरगं ‘ही टॉक्स ट्रूथ’ लिहितं. त्यात पोराची चूक नाही, कोशाने दाखवलं तेच त्याने लिहिलं.

दुसरी गडबड ‘ला’ या प्रत्ययाची. मराठीत ‘त्याने मला सांगितलं’ आणि ‘तो मला म्हणाला’, दोन्हीकडे ‘ला’ एकच. इंग्रजीत मात्र ‘टेल’नंतर माणूस थेट येतो, मध्ये ‘टू’ चालत नाही: ‘ही टोल्ड मी’. ‘से’नंतर आधी काय म्हटलं ते येतं आणि माणूस आणायचाच असेल तर ‘टू’ घेऊन: ‘ही सेड समथिंग टू मी’. म्हणून ‘टोल्ड टू मी’ आणि ‘सेड मी’ या दोन चुका जोडीने येतात; एकीतला जास्तीचा ‘टू’ दुसरीत कमी पडलेला असतो. ‘टॉक’च्या बाबतीत ही चूक फारशी होत नाही, कारण मराठीत आपण ‘माझ्याशी बोलला’ म्हणतो आणि ‘शी’चा ‘टू’ किंवा ‘विथ’ आपसूक होतो. विषय जोडायचा असेल तर ‘अबाउट’. पण तोच ‘अबाउट’ मग सवयीने ‘डिस्कस’लाही चिकटतो. ‘डिस्कस’ला तो लागत नाही, ‘डिस्कस द मॅटर’ एवढंच. मराठीतलं ‘बद्दल चर्चा करणे’ डोक्यात असतं, म्हणून परीक्षेत हा प्रश्न हमखास चुकतो.

आता लर्नर्स डिक्शनरी. ए. एस. हॉर्नबी या इंग्रजी शिक्षकाने आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर जपानमध्ये शिकवत असताना तिची पहिली आवृत्ती तयार केली आणि ती १९४२ साली तिथेच छापली गेली. ऑक्सफर्डने ती १९४८ साली काढली. दहावी आवृत्ती २०२० ची. हा इतिहास सांगायचं कारण असं की हा कोश मुळात इंग्रजी ज्यांची मायबोली नाही त्यांच्यासाठीच रचला गेला. जपानी विद्यार्थी जिथे अडखळतो तिथेच पुष्कळदा आपलाही विद्यार्थी अडखळतो आणि कोशात तिथे चौकट टाकलेली सापडते.

‘टॉक’ची नोंद उघडा. अर्थांना क्रमांक आहेत आणि प्रत्येक अर्थाआधी क्रियापद अकर्मक की सकर्मक ते दिलेलं आहे. नव्वद टक्के वाचणारे ही खूण वगळून पुढे जातात. वगळू नका, अर्धी माहिती तिच्यातच आहे. ‘टॉक’ बहुतेक वेळा अकर्मक असतं, म्हणून तर त्याला ‘टू’ आणि ‘अबाउट’ लागतात. पण काही ठरावीक शब्दांपुढे ते सकर्मक होतं: ‘टॉक सेन्स’, ‘टॉक नॉन्सेन्स’, ‘टॉक बिझनेस’, ‘टॉक पॉलिटिक्स’. ‘टॉक शॉप’ म्हणजे जेवायला बसलं तरी धंद्याचंच किंवा ऑफिसचंच बोलणं. शिक्षक लग्नाच्या पंगतीत पेपर तपासणीचा विषय काढतात, ते ‘टॉक शॉप’. यात दुकानाचा काही संबंध नसतो. पॉकेट कोशात हा प्रयोग बहुधा नसतोच आणि असला तर ‘दुकानाविषयी बोलणे’ एवढ्यावर आटपलेला असायचा.

त्याच नोंदीत पुढे दोन अर्थ असे आहेत जे बोलीत फार येतात आणि पाठ्यपुस्तकात जवळजवळ येत नाहीत. ‘पीपल विल टॉक’, म्हणजे लोक नावं ठेवतील, चर्चा होईल. आणि पोलिसांसमोर आरोपीने ‘टॉक’ केलं, म्हणजे तो फुटला, त्याने माहिती दिली. मराठीत आपण ‘तो बोलला’ हे त्याच अर्थाने म्हणतो, त्यामुळे हा अर्थ लक्षात ठेवायला सोपा. अनेकवचनी नाम ‘टॉक्स’ म्हणजे वाटाघाटी, आणि आपलं ‘बोलणी’सुद्धा तिथे अनेकवचनातच असतं: लग्नाची बोलणी, जागेची बोलणी. फक्त ‘बोलणी खाणे’ला ‘टॉक्स’ चालत नाही.

नोंदीच्या आसपास एक चौकट मिळते, ‘स्पीक’ आणि ‘टॉक’ यांतला फरक सांगणारी. अशीच एक ‘से’ आणि ‘टेल’साठीही आहे. आमच्या मते या दोन चौकटी म्हणजे या कोशाचा सगळ्यात मोलाचा भाग. सार एवढंच की दोन्ही शब्द फार जवळचे आहेत, ‘स्पीक’ जरा औपचारिक आहे, आणि भाषा येते हे सांगायला ‘स्पीक’ घ्यावं. व्याख्यान देणारा ‘स्पीक’ करतो, कट्ट्यावर बसलेले ‘टॉक’ करतात. फोनवर ‘स्पीकिंग’ म्हणायचं, ‘टॉकिंग’ नव्हे.

वाक्प्रचार आणि ‘टॉक इनटू’सारखी जोडक्रियापदं नोंदीच्या शेवटी वेगळी काढलेली असतात. इथे छापील प्रत वापरणाऱ्यांचा गोंधळ होतो, कारण वाक्प्रचार कुठल्या शब्दाखाली शोधायचा ते कळत नाही. नियम साधारण असा की त्यातल्या पहिल्या महत्त्वाच्या शब्दाखाली बघायचं. ‘मनी टॉक्स’ हे ‘मनी’खाली. असाच एक वाक्प्रचार ‘टॉक ऑफ द डेव्हिल’. हा दुसरा प्रयोग ज्याची आठवण काढली तोच दारात आला की वापरतात. इंग्रज अशा माणसाला सैतान ठरवून मोकळा होतो, आपण त्याला शंभर वर्षं आयुष्य देतो.

‘टॉक इनटू’ आणि ‘टॉक आउट ऑफ’ ही जोडी मात्र नीट वाचून घ्यावी. पहिलं म्हणजे बोलून बोलून एखाद्याला एखाद्या गोष्टीला राजी करणं, दुसरं म्हणजे त्यातून परावृत्त करणं. ‘टॉक डाउन टू’ म्हणजे समोरच्याला कमी लेखून बोलणं. ‘टॉक बॅक’ म्हणजे उलटून बोलणं. ‘टॉक ओव्हर’ म्हणजे नीट बसून चर्चा करणं. याचा अर्थ ‘दुसऱ्याच्या बोलण्यावरून बोलणं’ असा अंदाजाने लावला की घोटाळा होतो. या जोडक्रियापदांचा अर्थ दोन शब्द जोडून काढता येत नाही, म्हणूनच कोश लागतो.

छापील प्रत दीड हजारांहून अधिक पानांची आणि चांगली जड. रोज दप्तरात नेण्याचं काम नाही, घरच्या टेबलावर ठेवायची वस्तू. किंमत पॉकेट कोशाच्या कित्येक पट पडते. पण संकेतस्थळावर जवळजवळ सगळी सामग्री फुकट आहे, ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चार ऐकता येतात आणि नोंदीत शब्दाच्या मुळाची एक छोटी ओळही असते. मोबाईल आणि डेटा असेल तर छापील प्रतीसाठी खर्च करायची सक्ती नाही. फक्त एक: मोबाईलवर माणूस पहिला अर्थ वाचून बाहेर पडतो. छापील पानावर पुढचे पाच अर्थ डोळ्यांसमोर असतात, ते आपसूक वाचले जातात. शाळकरी मुलांसाठी आम्ही अजूनही छापील प्रतच सुचवू.

उच्चाराचं ऐकून घ्याच. ‘टॉक’मध्ये ‘एल’ लिहिला जातो, बोलला जात नाही. ‘वॉक’, ‘चॉक’, ‘स्टॉक’ म्हणजे दबा धरून पाठलाग करणं, या सगळ्यांत तसंच. ‘एल’ पूर्वी उच्चारला जायचा. पुढे बोलण्यातून गळाला आणि लिहिण्यात राहिला. टॅल्कम पावडरमधला ‘एल’ मात्र ऐकू येतो, कारण ‘टॅल्क’ हा वेगळाच शब्द, अरबी ‘तल्क’ या खनिजाच्या नावावरून आलेला. भूतकाळ ‘टॉक्ट’, एका झटक्यात, ‘टॉकेड’ नव्हे.

आता तिसरा कोश, आणि खरी मजा इथे आहे.

एटिमऑनलाइन हे डग्लस हार्पर या अमेरिकन अभ्यासकाने उभं केलेलं काम. संकेतस्थळ फुकट आहे. शोधपट्टीत ‘टॉक’ टाकलं की क्रियापद आणि नाम यांच्या नोंदी वेगळ्या येतात. आधी क्रियापदाची वाचायची, कारण नाम तिच्यापासून निघालेलं आहे. नोंद सांगते की हा शब्द साधारण इ. स. १२०० च्या सुमाराला लेखनात दिसतो आणि ‘टेल’, ‘टेल’ यांच्या घरातला आहे. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून फोड करतो: एक ‘टेल’ म्हणजे सांगणे, दुसरा किंचित लांबवलेला ‘टेल’ म्हणजे गोष्ट, कथा. त्याला शेवटी ‘के’ जोडला. हा ‘के’ क्रिया पुन्हा पुन्हा, सतत होत असल्याचं दाखवतो. इंग्रजीत असे शब्द थोडेच उरलेत: ‘हिअर’वरून ‘हार्क’, चोरणे या अर्थाच्या ‘स्टील’वरून ‘स्टॉक’. म्हणजे ‘टॉक’ हे मुळात एकदा सांगून थांबणं नव्हे, सांगत राहणं आहे.

पण ‘टेल’चा मूळ अर्थ तरी कुठे सांगणे होता? जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ मोजणे, गणती करणे असाही होता. बँकेतल्या काउंटरवर पैसे मोजून देणारा तो ‘टेलर’, आणि एटीएममधला मधला ‘टी’ तोच. पोवई नाक्यावरच्या एटीएमसमोर रांगेत उभे असताना हे यंत्र काही ‘सांगत’ नसून ‘मोजत’ आहे एवढं लक्षात आलं की ‘ऑल टोल्ड’ म्हणजे एकूण मोजून आणि ‘अनटोल्ड वेल्थ’ म्हणजे अगणित संपत्ती, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. जर्मनमध्ये ‘त्साल’ म्हणजे संख्या, ‘त्सेलन’ म्हणजे मोजणे आणि ‘एर्त्सेलन’ म्हणजे गोष्ट सांगणे. डचमध्ये ‘ताल’ म्हणजे भाषा. सगळे एकाच कुळातले.

आणि हे त्यांच्याकडेच घडलं असं नाही. संस्कृतात ‘ख्या’ म्हणजे सांगणे, प्रसिद्ध करणे. त्याला ‘आ’ लावला की आख्यान, ‘सम्’ लावला की संख्या. कीर्तनातलं आख्यान आणि गणितातली संख्या एकाच धातूची लेकरं. इंग्रजीत लॅटिनवरून फ्रेंचमार्गे आलेलं ‘काउंट’ आणि ‘रिकाउंट’ हेही तसंच, एक मोजायचं आणि एक हकीकत सांगायचं. एकेक गोष्ट ओळीने पुढे मांडणं हे मोजण्यातही असतं आणि सांगण्यातही, त्यामुळे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदले. ही संस्कृतची जोड एटिमऑनलाइनच्या ‘टॉक’च्या नोंदीत सापडणार नाही, आपणच लावायची. मात्र लावताना एक पथ्य पाळायचं: ‘ख्या’ आणि ‘टेल’ हे सख्खे नव्हेत. अर्थाची वाट सारखी आहे, धातू वेगळे.

इथेच लोक घसरतात. दोन शब्द सारखे दिसले की नातं जोडायचं. आनेवाडीला आपण जो टोल भरतो, तोही मोजूनच देतो, म्हणून ‘टोल’ आणि ‘टेल’ एक, असं कुणी छातीठोक सांगितलं तर ऐकू नका. कराचा ‘टोल’ लॅटिनमार्गे ग्रीक ‘तेलोस’ म्हणजे कर या शब्दाकडे जातो. एटिमऑनलाइनवर दोन्ही नोंदी शेजारी उघडल्या की दोन मिनिटांत हे निकालात निघतं, आणि या कोशाचा सगळ्यात मोठा उपयोग हाच: व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्युत्पत्त्या तपासणं.

‘स्पीक’चीही नोंद बघून घ्या. जुन्या इंग्रजीत ते ‘स्प्रेकन’ होतं. त्यातला ‘आर’ हळूहळू गळत जाऊन बाराव्या शतकाच्या मध्यापर्यंत नाहीसा झाला. जर्मन ‘श्प्रेखन’मध्ये तो अजून आहे. ‘से’चं घराणं ‘सागा’ आणि म्हण या अर्थाच्या जुन्या ‘सॉ’कडे जातं. या दोन नोंदी ‘टॉक’इतक्या रंगत नाहीत, पण वाचायला तीन-चार मिनिटंच लागतात.

नोंदी वाचताना दोन ठिकाणी चूक होते. ‘लेट फोर्टीन्थ सेंच्युरी’ असं लघुरूपात लिहिलेलं असतं, त्यात १४ हा आकडा दिसतो आणि वाचणारा १४०० च्या पुढचं साल धरतो. चौदावं शतक म्हणजे १३०१ ते १४००. त्याचा शेवट म्हणजे १३७५ नंतरची वर्षं. शंभर वर्षांचा फरक पडतो. दुसरं, मूळ धातूच्या आधी तारांकन असतं. त्याचा अर्थ तो शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, भाषाशास्त्रज्ञांनी नंतरच्या भाषांची तुलना करून तो मागे जाऊन बांधलेला आहे. तारांकित धातू शिलालेखात वाचल्यासारखा ठासून सांगू नये. आणि दिलेलं साल म्हणजे शब्द जन्मला ते नव्हे, लेखी पुरावा मिळाला ते. लोक त्याआधीही बोलत असतीलच.

उणीवही सांगायला हवी. वाक्यात शब्द कसा वापरायचा यासाठी हा कोश नाही. ‘टॉक टू’ की ‘टॉक विथ’ याचं उत्तर इथे शोधू नका. भारतीय वापराची दखल इथे क्वचितच मिळते. ‘टॉकी’ म्हणजे बोलपट हे सापडेल. भारतात पहिला बोलपट १९३१ साली आला, हे इतिहासाच्या पुस्तकात सापडेल. पण मराठी माणसाने ‘टॉकीज’ या शब्दात चित्रपट सोडून अख्खी इमारत बसवली, हे मात्र या नोंदीत शोधायला जाऊ नका. यापेक्षा खोलात जायचं तर ऑक्सफर्डचा मोठा ऐतिहासिक कोश आहे. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम १९२८ साली पुरं झालं. १९८९ ची दुसरी आवृत्ती वीस खंडांची. शब्दाच्या प्रत्येक अर्थाला जुनी अवतरणं सालवार लावलेली आहेत. ऑनलाइन वर्गणी मात्र घरगुती वाचकाला परवडणारी नाही. बी.ए.पर्यंतच्या अभ्यासाला त्यावाचून अडत नाही.

उलट दिशेने जायचं असेल, म्हणजे मराठी शब्द हातात आहे आणि इंग्रजी हवा आहे, तर शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा कोश फुकट आहे, १८५७ ची दुसरी आवृत्ती. फलटणला अनेक वर्षं राहिलेल्या मॅक्सीन बर्नसन यांचा मराठी-इंग्रजी कोशही तिथेच. मोल्सवर्थची एक युक्ती फार थोडे जण वापरतात. शब्दाऐवजी संपूर्ण मजकुरात शोधायचा पर्याय निवडा आणि इंग्रजी ‘टॉक’ टाका. ज्या ज्या मराठी शब्दांच्या अर्थात ‘टॉक’ आलं आहे ते सगळे पुढ्यात येतात: बडबड, वटवट, टकळी, पाल्हाळ यांच्या जातीचे. निम्मे शब्द आज कुणी वापरत नाही, आणि इंग्रजीही दीडशे वर्षांपूर्वीचं आहे. त्यातलं इंग्रजी वाक्य उचलून निबंधात घालू नये.

आणि ‘काय म्हणताय?’ याचं इंग्रजी यांपैकी कुठल्याही कोशात ‘से’खाली शोधू नका. ते अभिवादन आहे. तिथे ‘हाऊ आर यू’च लागतं.

राहिली पॉकेट कोशाची चाचणी. दुकानात उभ्या उभ्या होते. ‘टॉक’, ‘टेल’, ‘से’, ‘स्पीक’ अशी चार पानं उघडा. चारही ठिकाणी नुसतं ‘बोलणे, सांगणे’ असेल आणि एकही वाक्य नसेल तर परत ठेवा. ‘टेल’खाली ‘मोजणे’ दिलं असेल तर संपादकाने मेहनत घेतली आहे असं समजा. ‘टॉक’चा उच्चार देवनागरीत कसा छापलाय ते बघा, ‘टाल्क’ किंवा ‘टोल्क’ दिसलं तर पुढे बघायचीही गरज नाही. ‘डिस्कस’खालच्या वाक्यात ‘अबाउट’ घुसलाय का ते तपासा. जुन्या पुस्तकांत लर्नर्सची आधीची एखादी आवृत्ती हाती लागली तर घासाघीस करून जरूर घ्या. ‘टॉक’सारख्या शब्दांच्या नोंदी आवृत्तीगणिक फार बदलत नाहीत. फक्त घेण्याआधी ‘टी’ची पानं जागेवर आहेत ना ते चाळून बघा, जुन्या प्रतींची शेवटचीच पानं आधी सुटतात.